तलाव दुरुस्तीचा प्रस्ताव करण्याआधी वाचायचं पुस्तक

ज्यांच्या गावात एखादा तलाव, बोडी किंवा गावतळं अजून शिल्लक आहे, त्यांनी अनुपम मिश्र यांचं 'आज भी खरे हैं तालाब' हे हिंदी पुस्तक घ्यावं. पुढे मी या पुस्तकाबद्दल एक मोठी तक्रारही करणार आहे. ती वाचून कुणी घेण्याचा विचार सोडू नये, म्हणून शिफारस आधी करून टाकते.

मी भंडाऱ्याकडची. सगळी नोकरी लघुपाटबंधाऱ्याच्या कामांवर झाली, आता निवृत्त आहे. आमच्याकडे तलाव म्हणजे शेतीचा कणा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग धरला, तर साडेसहा हजारांच्या वर माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यात असलेले. सरकारी कागदावर त्यांचं नाव 'मामा तलाव'. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं हे तलाव बांधले, ऊस आणि धान पिकवलं. नवेगावबांधचा एवढा मोठा जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं इकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारच्या ताब्यात आले. आमच्यासारख्यांची नोकरी या तलावांच्या पाळी, विमोचक (शेताला पाणी सोडायची तोंडं) आणि सांडवे दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे मी हे पुस्तक मोजपट्टी हातात घेऊनच वाचलं.

मिश्रांचा जन्म वर्ध्याचा, १९४८ सालचा. कवी भवानीप्रसाद मिश्र हे त्यांचे वडील. ते तेव्हा वर्ध्याला महिलाश्रमात शिकवत. मुलानं दिल्लीत संस्कृत घेऊन एम. ए. केलं आणि गांधी शांती प्रतिष्ठानात काम धरलं, ते अखेरपर्यंत. चिपको आंदोलन उत्तराखंडात सुरू झालं, तेव्हा त्याबद्दल अगदी आधी लिहिणाऱ्यांत ते होते. तवा धरणाच्या कालव्यांमुळे होशंगाबादकडच्या काळ्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या, तेव्हा तिथल्या 'मिट्टी बचाओ' आंदोलनातही ते होते. देशाच्या पर्यावरणावरचा दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट'चा अहवाल त्यांनी हिंदीत आणला. 'गांधी मार्ग' हे नियतकालिक संपादित केलं. १९ डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीत ते गेले. या सगळ्या कामात तलावांचं हे पुस्तक सगळ्यात दूर पोहोचलं. गांधी शांती प्रतिष्ठाननं ते १९९३ मध्ये पहिल्यांदा छापलं.

पुस्तकात सगळ्यात भरीव भाग कुठला विचाराल, तर 'नींव से शिखर तक'. एक तलाव कसा उभा राहतो, हे त्यात पहिल्या कुदळीपासून सांगितलंय. काम सुरू होतं कार्तिकातल्या शुद्ध एकादशीला. आपली कार्तिकी. तिकडे तिला 'अनपूछी ग्यारस' म्हणतात. देव उठलेले असतात, मुहूर्त कुणाला विचारायची गरज नसते. इंजिनिअरच्या डोळ्यानं पाहिलं तरी तारीख अचूक आहे. पावसाळा संपलेला, जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, माती दाबली तर बसते, आणि पुढच्या पावसापर्यंत हातात सहा-सात महिने. आमचं मातीकामाचं वेळापत्रकही खरं तर असंच हवं. प्रत्यक्षात निधी मार्चच्या तोंडावर येतो आणि पाळीवरची माती कोरडी ठणठणीत असताना दाबली जाते. अशी माती कितीही रोलर फिरवला तरी नीट बसत नाही. दोन पावसाळ्यांत पाळीला घळी पडतात.

मग मिश्र तलावाचे अवयव सांगत जातात. जिथून पाणी वाहत येतं ते आगौर. जिथे साठतं ते आगर. अडवणारी पाल. जास्तीचं पाणी सुखरूप काढून देणारा नेष्टा. आमच्याकडचे जुने लोक पाळ, सलंग, तुडूम असे शब्द वापरतात. सलंग म्हणजे सांडवा आणि तुडूम म्हणजे शेताला पाणी सोडायचं तोंड. पाळीवर स्थापन केलेल्या घटोइया बाबाची जागा मला फार आवडली. पाणी बाबाच्या पायापर्यंत चढलं, की गावानं समजायचं, आता राखण आपल्याला करायची आहे. धोक्याची पातळी दाखवायला आम्ही खांबावर आकडे रंगवतो. ते आकडे वाचायला रात्री पावसात कुणी जात नाही. बाबापर्यंत पाणी आलं का, हे बघायला मात्र अख्खं गाव जात असणार.

आगौरबद्दलची दोन-तीन पानं मी प्रत्येक ग्रामसेवकाला आणि प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याला वाचायला देईन. तलावाला पाणी देणारी ही वरची जमीन लोक कशी जपत, ते त्यात आहे. तिथे शौचाला बसायचं नाही, घाण टाकायची नाही, काही ठिकाणी तर पायात जोडेसुद्धा घालायचे नाहीत. म्हणजे तलावाची हद्द पाण्याच्या काठावर संपत नव्हती. पाणी जिथून धावत येतं त्या माळापर्यंत ती जात होती.

आता आपल्याकडचा दुरुस्तीचा प्रस्ताव उघडून बघा. पाळीची दुरुस्ती असते, विमोचकाची असते, सांडव्याचं पिचिंग म्हणजे दगडी अस्तर असतं, गाळ काढणं असतं. वरच्या पाणलोटासाठी एक ओळ नसते. आमच्याच तालुक्यातल्या एका तलावाची गोष्ट सांगते. गाळ भरपूर काढला, पाळ उंच केली, फोटो निघाले. पुढच्या पावसाळ्यात शेजारपाजारचे तलाव भरले आणि हा अर्धाही भरला नाही. मी वरपर्यंत चालत गेले. पाणलोटाच्या मधून नवा रस्ता गेला होता, भराव चांगला पुरुषभर उंचीचा, आणि त्याखाली एकच नळाची मोरी. नळाचं तोंड पळसाच्या फांद्यांनी आणि प्लास्टिकनं बुजलेलं. भरावाच्या वरच्या बाजूला पाणी साचून कडेकडेनं दुसऱ्याच नाल्यात उतरत होतं. तलावात काही दोष नव्हता, त्याचं पाणी रस्त्यानं पळवलं होतं. रस्ता करणारे वेगळे, तलाव करणारे वेगळे, आणि दोघांचे नकाशे एका टेबलावर कधी आलेच नव्हते. मिश्रांचं पुस्तक नेमकं हे टेबल मांडतं. त्यात एकही आकडेमोड न करता.

गाळाचंही तसंच. 'साफ माथे का समाज' या प्रकरणात मिश्र लिहितात, की गाळ ही तेव्हा समस्या नव्हती, तलावाचा प्रसाद होता. शेतकरी गाड्या भरून शेतात नेत आणि गाडीमागे काही रोख किंवा धान्य गावाच्या कोषात टाकत. तो कोष पुन्हा तलावाच्याच कामी येई. कुंभार आपली माती नेई, घरं सारवायला बाया नेत. आपल्याकडे 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आली, ती मुळात याच दिशेची आहे आणि मला ती पटते. पण काढायचा किती आणि कुठून, हे ठरवणारं कुणी नसलं की जेसीबी खोलच खोल जातो. तळाची घट्ट, पाणी धरणारी चिकण माती फोडली की खालचा मुरूम उघडा पडतो आणि पाणी मुरून जातं. शिवाय काठ उभा तासला जातो. काठाचा उथळ, हळूहळू उतरणारा भाग मासे आणि पाणवनस्पतींसाठी सगळ्यात मोलाचा असतो. तिथेच अंडी घातली जातात, तिथेच पिल्लं लपतात. आमच्याकडच्या ढीवर या मासेमार समाजातल्या बायांनी काही तलावांत स्थानिक पाणवनस्पती हातानं लावून मासे परत आणले आहेत. त्या बायांना विचारलं तर कुठला कोपरा खोदायचा आणि कुठला सोडायचा, हे त्या दहा मिनिटांत दाखवतात. महाराष्ट्रात सारस पक्षी उरलाय तो मुख्यतः गोंदिया आणि लगतच्या भंडाऱ्यात. त्याचं घरटं अशाच उथळ पाण्यात आणि धानाच्या बांध्यांत असतं.

पुस्तकातला एक आकडा मला आमच्या खात्याच्या इतिहासासारखा वाटला. म्हैसूरचा कारभार दिवाण पूर्णय्या पाहत असताना, १८०० साली, त्या राज्यात ३९,००० तलाव होते, असं मिश्र लिहितात. पुढे इंग्रजांनी खर्च आवळला, आणि १८६३ मध्ये तिथे पहिल्यांदा पीडब्ल्यूडी (सार्वजनिक बांधकाम खातं) स्थापन होऊन तलाव लोकांकडून तिच्याकडे गेले. लोक राखत होते तेव्हा तलाव टिकले, खात्याकडे गेल्यावर खंगले, हा त्यांचा मुद्दा. खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला तो बोचतो, पण मला तो मान्य आहे. एका शाखा अभियंत्याकडे कितीतरी तलाव असतात. तो प्रत्येक पाळीवर पावसाच्या रात्री हजर राहू शकत नाही. गाव राहू शकतं, जर तलाव गावाचा असेल तर. मालगुजारी गेल्यावर आमच्याकडेही तेच झालं. मालगुजारासारखा जमीनदार जायलाच हवा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच्याबरोबर पाणी वाटपाची आणि पाळ राखायची ठरलेली रीतही विस्कटली, आणि तिच्या जागी आपण पुरेसं काही उभं केलं नाही.

माझी तक्रार आता.

'संसार सागर के नायक' या प्रकरणात तलाव बांधणाऱ्या हातांची नावं आहेत. लोखंडाचा गज घेऊन मोजमाप करणारे गजधर, उपकरणाशिवाय जमिनीतलं पाणी ओळखणारे सिरभाव, माती वाहणारे ओढ, भिल्ल, मुसहर, लुनिया. ज्यांना इतिहासानं मजूर म्हणून बाजूला टाकलं, त्यांना मिश्रांनी कारागीर म्हणून पुढे आणलं. हे फार मोठं काम आहे आणि हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचते. आपल्याकडे वडार आणि बेलदार समाजाबद्दल असं प्रेमानं कुणी लिहिलेलं मला पाहायचं आहे.

पण तळं कुणी खोदलं हे सांगितल्यावर तिथे घागर कुणाला बुडवता येत होती, हेही सांगायला हवं होतं. मराठी वाचकाला हा प्रश्न टाळता येत नाही. महाडचं चवदार तळं सार्वजनिक होतं. जनावरं तिथे पाणी पीत होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन तिथे ओंजळभर पाणी प्यायला जावं लागलं, आणि त्यानंतर सवर्णांनी त्या माणसांवर हल्ले केले, तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. हीही तलाव राखणारी व्यवस्थाच होती. मिश्र ज्याला 'समाज' म्हणतात, त्या एका शब्दात पाटीलही येतो आणि पाळीपासून दूर उभं केलेलं घरही येतं. त्या दोघांमधलं अंतर पुस्तकात ठळक होत नाही. मिश्रांची करुणा अस्सल आहे, यात मला शंका नाही. पण तलाव गावाकडे द्या असं आपण म्हणतो, तेव्हा गावातल्या कुणाकडे, हे त्याच दमात विचारावं लागतं. आज निर्णय करताना ढीवर, गोंड, बौद्ध वस्ती, बाया या सगळ्यांची माणसं समितीत नसतील, तर जुनी रीत परत येईल ती जुन्या अन्यायासकट. हे पुस्तक वर्गात शिकवणाऱ्यांनी महाडचा धडा त्याच आठवड्यात शिकवावा.

दुसरी, लहान गोष्ट. दंतकथा आणि नोंदलेला इतिहास इथे एकाच ओघात येतात. कूडन, बुढान, सरमन आणि कौंराई या चार भावांची परिसाची कथा आणि जैसलमेरच्या घडसीसरची हकिगत एकाच सुरात सांगितली आहे. घडसीसरचं साल १३३५ दिलंय, राजाच्या हत्येनंतर राणी विमलानं सती न जाता तलाव पुरा केला, असं लिहिलंय. वाचायला सुंदर आहे. अभ्यासाला घेणाऱ्यानं मात्र शेवटचे संदर्भ नीट पाहावेत. ते संदर्भ रुक्ष यादी नाहीत, कुठे कुणाशी बोललो, कुठला कागद पाहिला, हे मिश्र तिथे गप्पा मारल्यासारखं सांगतात.

भाषेची अडचण येईल का? विदर्भातल्या माणसाला अजिबात नाही. पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकाला राजस्थानी आणि बुंदेली शब्द सुरुवातीला अडतील, पण मिश्रांची वाक्यं लहान असतात आणि शब्दाचा अर्थ पुढच्या ओळीत आपोआप कळतो. रागानं लिहिलेलं एकही पान नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत इतके तलाव बुजले, त्यानं इतक्या शांतपणे लिहावं, याचा माझ्यावर परिणाम आरडाओरड्यापेक्षा जास्त झाला. तलावांच्या नावांचं 'सहस्रनाम' हे प्रकरण मी मात्र पहिल्या वाचनात भरभर उलटलं. तुम्हीही तसं केलंत तरी चालेल.

हे आवडलं तर त्यांचं १९९५ चं 'राजस्थान की रजत बूंदें' घ्या. त्यात मरुभूमीतल्या कुंईचं वर्णन आहे. वाळूखाली जिप्समचा थर असतो, तो पावसाची ओल खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळू देत नाही. ती ओल थेंब थेंब जमावी म्हणून अरुंद विहीर खणतात. खणणारा चेजारो अगदी अरुंद जागेत बसून खणत जातो. आत गुदमरू नये म्हणून वरचे लोक मुठीनं वाळू जोरात खाली फेकतात, म्हणजे ताजी हवा खाली जाते. डोक्याला लागू नये म्हणून तो धातूचं भांडं डोक्यावर घालतो. बांधकामावर आयुष्य गेलेल्या मला हे वाचताना त्या माणसाच्या हिमतीचं आणि ज्ञानाचं अप्रूप वाटलं. आपल्याकडे बोअरवेलनं उपसलेलं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात भरून उन्हाला दाखवणाऱ्यांनी कुंईचं प्रकरण अवश्य वाचावं. भूजल उपसून ते वाफ व्हायला उघड्यावर ठेवणं, याला साठवण म्हणता येत नाही.

विकत घेताना काय पाहायचं. या पुस्तकावर कॉपीराइट नाही. मिश्रांनी ते मुद्दाम मोकळं ठेवलं, त्यामुळे वेगवेगळ्या प्रकाशकांच्या प्रती मिळतात आणि किंमतही हलकी असते. दिलीप चिंचाळकरांची रेखाटनं असलेली प्रत घ्या. इंदूरचे थोर चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजी यांचे ते चिरंजीव. ही चित्रं सजावटीची नाहीत. पाल, घाट, नेष्टा यांची रचना त्यांतून समजते. 'सीता बावडी'चं गोंदण त्यात बघा. चौकोन, आत लाटा, मधोमध एक ठिपका, बाहेर पायऱ्या आणि चार कोपऱ्यांत चार फुलं. एवढ्या रेघांमध्ये अख्खी विहीर येते, आणि लोक ती अंगावर गोंदवून घेत.

ग्रामपंचायतीनं किंवा शाळेनं घ्यायचं असेल तर एका प्रतीवर थांबू नका. कॉपीराइटची आडकाठी नसल्यानं 'नींव से शिखर तक' हे प्रकरण वेगळं छापून घेता येतं. त्याच्या शेवटी आपल्या गावच्या तलावाचा हातानं काढलेला नकाशा जोडा. पाणी कुठल्या माळावरून येतं, मध्ये कुठला रस्ता आडवा आलाय, मोरी कुठे बुजलीय, सलंग कुठे आहे, तुडूम कुठली वापरात आहे आणि कुठली बंद, मासेमारी कोण करतं, धुणी कुठल्या घाटावर होतात. सातवी-आठवीची मुलं, एक म्हातारा पाणकर (शेतांना पाणी वाटून देणारा) आणि दोन ढीवर बाया मिळून हे काम आठवडाभरात करू शकतात. उन्हाळ्याआधी केलं तर तलाव दुरुस्तीच्या पुढच्या प्रस्तावाला तोच नकाशा जोडता येईल.